पॅथॉलॉजीचे तीन कप्पे आणि त्यांच्या मधल्या फटी

पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात पॅथॉलॉजी, म्हणजे रोगाने शरीरात काय बदल होतात ते शिकवणारा विषय, सुरू झाली की मुलं वहीचे तीन भाग पाडतात: विषाणूजन्य, परजीवीजन्य आणि ट्यूमर. पेपर लिहायला हे सोयीचं आहे, माझीही वही तशीच होती. पण एम.व्ही.एस्सी.ला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला आल्यावर शवविच्छेदनाच्या टेबलापाशी रोज उभं राहायला लागले, तेव्हा ध्यानात आलं की विषय समजतो तो या कप्प्यांच्या मधल्या फटींत. नव्याने येणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी असं मला वाटतं.

कोंबड्यांचा मॅरेक्स रोग घ्या. कारण विषाणू, हर्पिस गटातला. आणि तो करतो काय, तर कोंबडीत लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर. म्हणजे हा रोग कुठल्या भागात लिहायचा? हंगेरीच्या योझेफ मॅरेक यांनी १९०७ मध्ये पांगळ्या कोंबड्यांचं वर्णन केलं तेव्हा तो मज्जातंतूंचा दाह वाटला होता. आज तो लसीने रोखता आलेला पहिला कर्करोग म्हणून शिकवला जातो. हॅचरीत एक दिवसाच्या पिलाला टोचतात ती हीच लस. तिच्यामुळे गाठी थांबतात, संसर्ग मात्र थांबत नाही, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

टेबलावर मॅरेक्सचा संशय आला तर आधी यकृताकडे धावू नका. यकृतातल्या पांढुरक्या गाठी ल्युकोसिसमध्येही (विषाणूमुळेच होणारा कोंबड्यांचा दुसरा कॅन्सर) तशाच दिसतात. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू बोथट बाजूने हळूच बाजूला सारा, खाली सायटिक नर्व्ह, म्हणजे पायाचा मुख्य मज्जातंतू, दिसेल. निरोगी नर्व्ह पांढरी, चकचकीत असते आणि तिच्यावर बारीक आडव्या रेघा असतात. मॅरेक्समध्ये ती सुजते, पिवळसर करडी होते, रेघा पुसल्या जातात. पण बहुधा एकाच बाजूची जास्त सुजते, म्हणून दोन्ही पाय उघडून शेजारी शेजारी बघायचे. मग बर्सा, म्हणजे शेपटीकडची प्रतिकारशक्तीची छोटी पिशवी. ल्युकोसिसमध्ये बर्सात गाठ सापडते आणि पक्षी साधारण १६ आठवड्यांच्या पुढचा असतो. मॅरेक्समध्ये बर्सा बहुतेकदा आक्रसलेला. स्लाइडवर ल्युकोसिसच्या पेशी एकसारख्या, मॅरेक्सच्या लहानमोठ्या, सरमिसळ. यकृत, नर्व्ह, बर्सा आणि वय या चार गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय रिपोर्टवर नाव लिहू नये.

दुसरी फट थायलेरियाची. गोचिडातून येणारा हा परजीवी, संकरित गाईंचा जीव घेणारा. खांद्यापुढची लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) सुजली की सुईने थेंबभर द्रव काढायचा, जिम्सा स्टेन करायचा (पेशी दिसाव्यात म्हणून रंग द्यायचा) आणि लिम्फोसाइटमध्ये निळे ठिपक्या-ठिपक्यांचे गोळे शोधायचे: कॉखचे निळे बॉडीज. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण तो परजीवी त्या पेशीला विभाजन करत राहायला लावतो, अगदी कॅन्सरच्या पेशीसारखं, आणि पेशी दुभंगताना स्वतःही दोन्हीकडे वाटला जातो, हे कुणी सांगत नाही. बुपार्वाक्वोन या औषधाने परजीवी मेला की पेशीची ही वाढ थांबते! हे कळल्यावर सुजलेली नोड आणि चौथ्या पोटातले पंचिंग मशीनने भोक पाडल्यासारखे व्रण हे एकाच गोष्टीचे दोन टप्पे वाटायला लागतात.

टीव्हीटीचं, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य लैंगिक ट्यूमरचं, उलटं आहे. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, सहज रक्त येणारी गाठ तुम्ही क्लिनिकमध्ये बघालच. तिथे जंतू नसतो, गाठीची पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाऊन रुजते. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत साधारण ५७ ते ६४. हजारो वर्षांपूर्वी कुठल्या तरी एका कुत्र्यात सुरू झालेला ट्यूमर अजून फिरतो आहे. स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या नमुन्यात) गोल पेशी आणि सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीतल्या द्रवात, ओळीने मण्यांसारखे रिकामे ठिपके दिसले की व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध सुरू करायला डॉक्टर मोकळे.

शिंगाचा कॅन्सर मात्र सरळ आपल्या कप्प्यात बसतो. पांढऱ्या-करड्या बैलांमध्ये, त्यातही खच्ची केलेल्या, शिंगाच्या आतल्या अस्तरातून निघणारा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर. बैल मान एका बाजूला कलती धरतो, शिंग खुंट्यावर घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं, पुढे शिंग हलायला लागतं. स्लाइडवर केराटिन पर्ल्स (केराटिनचे मोत्यासारखे गोल थर) इतके सुबक असतात की प्रॅक्टिकलला हीच स्लाइड ठेवतात.

नमुन्यांबद्दल थोडं. तुकडा अर्धा सेंटिमीटरहून जाड नको, १० टक्के फॉर्मॅलिन त्याच्या दहापट हवं आणि बाटली रुंद तोंडाची. सलाइनच्या बाटलीत कोंबलेलं यकृत आत कडक होतं, मग बाटली कापावी लागते आणि मधला भाग कुजलेला निघतो. विषाणूच्या पीसीआरचा (जनुकीय तपासणीचा) नमुना वेगळा, बर्फावर, फॉर्मॅलिनविना. आणि जनावर अचानक मेलं असेल, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, तर सुरी लावायची नाही. कानाच्या शिरेतून स्मिअर घ्यायचा, आधी काळपुळी (अँथ्रॅक्स, माणसालाही होणारा रोग) नाही याची खात्री करायची. मालक कितीही म्हणाला, "डॉक्टर, एकदा फाडून बघा ना," तरी.

नोकऱ्यांचं म्हणाल तर पशुसंवर्धन विभागाची परीक्षा, महाविद्यालयात शिकवणं, पोल्ट्री कंपन्यांच्या प्रयोगशाळा हे नेहमीचे रस्ते. इझ्झतनगरच्या आयव्हीआरआयला (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेला) पीएच.डी.साठी जाणारेही बरेच. अलीकडे औषधांच्या चाचण्या करणाऱ्या कंपन्या टॉक्सिकॉलॉजिक पॅथॉलॉजिस्ट (औषधाचे अवयवांवरचे दुष्परिणाम तपासणारे) घेतात, पगार सरकारीपेक्षाही बरा मिळू शकतो. पण तिथे दिवसभर मायक्रोस्कोपखाली उंदरांचे अवयव, एकामागून एक ट्रे. गाय-म्हैस, धूळ, गोठा यातलं काही नाही. काहींना तेच हवं असतं.