कथा आवडली, लेखक कोण ते आठवत नाही

माझीच एक कथा माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवर 'लेखक अज्ञात, पण जरूर वाचा' असं लिहून आली होती, खालच्या मजल्यावरच्या काकांनी टाकलेली, आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मराठीत कथा लिहायला लागलेल्यांना वाटतं की वाचकच उरले नाहीत, पण तसं काही नाहीये, लोक फोनवर भरपूर वाचतात. नाव तेवढं वाटेत गळून पडतं. त्यामुळे नवीन कुणी मला विचारलं की वाचक कसे जमवायचे, तर मी सांगतो की आधी नाव कसं टिकेल ते बघा.

नाव फक्त शेवटी टाकू नका, कॉपी करताना पहिलं तेच उडतं. शीर्षकाखाली टाका, शेवटी परत टाका. तरी उडवणारे उडवतातच म्हणा. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे एखादं पात्र किंवा जागा परत परत आणायची. माझ्या बऱ्याच कथा रिडेव्हलपमेंटला गेलेल्या एका पेठेतल्या वाड्यातल्या लोकांच्या आहेत, त्यात एक आजोबा आहेत जे नव्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चढायला तयार नाहीत. लोकांना माझं आडनाव आठवत नाही पण 'ते लिफ्टवाले आजोबा लिहितात ना, तेच का तुम्ही' असं विचारतात, आणि मला ते चालतं, कारण दुसरी कथा आली की ते ओळखतात.

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो, ग्रुप नको, ग्रुपवर कथेपेक्षा गुड मॉर्निंग जास्त होतं. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, मग म्हणतात कुणी रिप्लाय देत नाही. कथा आवडली असं कुणी कळवलं की लगेच 'नंबर सेव्ह करा, पुढची पाठवतो' म्हणायचं. लाजू नका. आणि महिन्यातून एकदाच पाठवा, नाहीतर लोक म्यूट करतात.

प्रतिलिपी या कथा वाचायच्या अ‍ॅपवर वाचक खूप आहेत पण तिथला वाचक क्रमशः वाचणारा आहे, त्याला भाग हवेत, तेही वेळेवर. तीन भाग टाकून दोन महिने गायब झालात की तो गेलाच. प्रेमकथा, घरातली भांडणं, भय असलं तिथे धावतं. तुम्ही एका बैठकीत संपणारी संथ कथा लिहीत असाल तर तिथे आकडे बघून रडत बसू नका, तो बाजार तुमचा नाही.

आता दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा आहे आणि नव्या कथालेखकासाठी माझ्या मते अजूनही याच्याइतकी चांगली जागा नाही. कारण वाचनालयं. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, एकदा पैसे भरले की बरेच महिने अंक बदलून न्यायचे, म्हणजे एकच अंक किती घरांत फिरतो बघा, आणि मुख्य म्हणजे छापलेलं नाव कुणाला उडवता येत नाही! पण गणपतीत कथा पाठवून उपयोग नाही, तोवर अंक भरत आलेला असतो, मे-जूनमध्येच पाठवा. पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक वाचा, जुने अंक रद्दीत मिळतात. विनोदी अंकाला मरणाची कथा पाठवणारे लोक मी पाहिलेत. मानधन मिळेल का, फाइल कोणत्या फॉन्टमध्ये हवी आणि नंतर कथा दुसरीकडे कधी देता येईल हे आधीच विचारून घ्या, संपादक चिडत नाहीत. कथा कुठे आधी टाकलेली असेल तर तेही सांगून टाका, बहुतेकांना अप्रकाशितच हवी असते.

पुस्तकाची घाई नको असं माझं स्पष्ट मत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारकडून फुकट मिळतो, छपाईही आता थोड्या प्रतींची होते, त्यामुळे पुस्तक निघतं पटकन, पण मग पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात, गठ्ठा घेऊन फिरायचं कुणी? दुकानदार बिचारा विचारतो, मागणी आहे का. ती आधी असावी लागते.

त्याऐवजी वाचून दाखवा. पुण्यात याला तोटा नाही, गल्लोगल्ली वाचनकट्टे आहेत, सोसायटीतला ज्येष्ठ नागरिक संघ तर वाटच बघत असतो. दहा मिनिटांत संपेल एवढंच वाचा, संवाद जास्त असलेला तुकडा घ्या, आणि घरी एकदा मोठ्याने वाचून घ्या, जिथे श्वास अडकतो ते वाक्य तसंही कापायचंच असतं. संपल्यावर चहाच्या टेबलापाशी थांबा, पळू नका. तिथे एखाद्या काकू येऊन म्हणतात, आमच्याकडेही असंच झालं होतं, मग त्यांचं सगळं ऐकून घ्यायचं आणि निघताना त्यांच्याच फोनमध्ये तुमचा नंबर नावासकट सेव्ह करून द्यायचा.