घावन तव्यावरून निघत नाही? पिठाला दोष देण्याआधी या चुका टाळा

गौरी-गणपती जवळ आले की ओळखीच्या घरांतून माझ्याकडे एकच तक्रार येऊ लागते: घावन निघत नाही, निघालेच तर तुकड्यांत निघते आणि जाळी पडत नाही. मग तांदळाला नावे ठेवली जातात आणि पुढच्या खेपेस पिठात कोणी मैदा ढकलतो, कोणी रवा, तर कोणी चिमूटभर सोडा. गिरगावातल्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षे घावने घालते आहे, आणि माझे ठाम मत आहे की बहुतेक घावने पातेल्यात बिघडत नाहीत, तव्यावर बिघडतात.

माझ्या लेखी सर्वांत मोठी चूक म्हणजे बिडाचा तवा साबण लावून तारेच्या घासणीने लख्ख घासणे. त्या तव्यावरची काळी, गुळगुळीत चकाकी हा मळ नव्हे. वर्षानुवर्षे लावलेले तेल तापून तापून बिडावर घट्ट बसते, त्याचा पातळ थर तयार होतो आणि घावन सुटते ते त्या थरामुळे. काही वर्षांपूर्वी गौरीपूजनाच्या आदल्या रात्री माझ्या भाचीने मला मदत व्हावी म्हणून सासूबाईंच्या वेळचा तवा राखाडी दिसेपर्यंत घासून ठेवला. सकाळी घावन-घाटल्याचा नैवेद्य करायला बसलो, तर पहिले घावन चिकटले, दुसरे चिकटले आणि तिसऱ्याच्या वेळी उलथन्याच्या टोकाशी ओल्या पिठाचा नुसता गोळा जमला. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, पिठात थोडा रवा घालू का?" मी तिला पिठाला हात लावू दिला नाही. एरवी अशा तव्यावर मी तेलात कांद्याच्या फोडी काळ्या होईपर्यंत परतते, पण नैवेद्याच्या तव्यावर कांदा चालणार नव्हता. म्हणून जाडे मीठ आणि तेल घालून तवा मंद आचेवर तापवला, कापडाने पुसून काढला, पुन्हा तेल लावून तापवला, आणि असे तीनदा केले. त्यात पाऊण तास गेला; पण त्यानंतरचे पहिलेच घावन कडा सोडून अलगद वर आले. तेव्हापासून माझा तवा काम झाल्यावर गरम पाण्याने धुतला जातो, लगेच पुसून आचेवर कोरडा केला जातो आणि तेलाचा हात लावूनच जागेवर जातो. मुंबईच्या पावसाळी हवेत ओला ठेवलेला बिडाचा तवा सकाळपर्यंत गंजतो.

दुसरी चूक घाईची आहे. तवा तापण्याआधी पीठ ओतणाऱ्यांना जाळी मिळत नाही, कारण जाळी सोड्याने पडत नाही, वाफेने पडते. पातळ पिठातले पाणी तापलेल्या तव्याला लागताच त्याची वाफ होते, ती उसळून वर येते आणि भोवतीचे पीठ तेवढ्यात शिजून घट्ट झाल्यामुळे तिची वाट भोकासारखी तशीच राहते. पीठ ओतल्याबरोबर चर्र आवाज आला नाही, तर ते घावन गेले असे समजावे. पाण्याचा थेंब तडतडून उडून गेला की तवा तयार झाला. थेंब मोत्यासारखा घरंगळत राहिला तर तो फार तापला आहे, आच कमी करून थोडे थांबावे. आपल्याकडच्या लहान बर्नरवर मोठा तवा मध्येच तापतो आणि कडा थंड राहतात, म्हणून मी मोठाच बर्नर वापरते आणि तवा अधूनमधून फिरवत राहते.

पीठ ताकासारखे पातळच हवे. एक वाटी पिठीला दीड ते दोन वाट्या पाणी लागते. जुन्या तांदळाची पिठी जास्त पाणी ओढते, नव्या तांदळाची चिकट होते. आंबोळीसारखे घट्ट पीठ करून ते डोशासारखे पळीने पसरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण घावनाचे पीठ तव्याला लागता क्षणी धरते आणि मग पळी फिरवली की ते फाटतेच. वाटीने कडेकडेने ओतत मध्याकडे यावे आणि राहिलेल्या फटीत थोडे पीठ सोडावे.

तांदळाची पिठी तळाशी बसते, म्हणून प्रत्येक घावनाआधी पीठ ढवळावे. तेल ओतू नये. अर्ध्या कांद्याने किंवा नैवेद्याचे असेल तेव्हा नारळाच्या शेंडीने फक्त पुसावे. तांदूळ भिजवून वाटलेले पीठ मे महिन्यात ओट्यावर तासन्तास ठेवले तर ते आंबते आणि चवीला घावन राहत नाही. झाकण ठेवले की वाफेने वरची बाजू शिजते; कडा आपणहून सुटेपर्यंत उलथने लावू नये.

तयार घावने गरम असतानाच एकावर एक रचली तर वाफेने ओलसर होऊन चिकटतात. मी ती सुती फडक्यावर सुटी पसरते, मिनिटभर वाफ जाऊ देते आणि मगच चौघडी घालून ताटात वाढते.