कागदात गुंडाळलेली गोळी : कागद कोणता, वंगण कोणतं?

रायफलीच्या शिशाच्या गोळीभोवती गुंडाळलेला कागद नळीभर टिकला पाहिजे आणि नळीच्या तोंडाबाहेर पडताच त्याचा भुगा झाला पाहिजे. मध्येच फाटला तर शिसं नळीला फासलं जातं. बाहेर पडूनही गोळीला चिकटून राहिला तर गोळी भरकटते. कागदाची आणि वंगणाची पारख या दोन गोष्टींवरच करायची.

इथली मापं अमेरिकेत आजही नेमबाजीसाठी वापरल्या जाणाऱ्या ४५-७० काडतुसाच्या, काळ्या दारूवर (जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूवर) चालणाऱ्या शार्प्स या जुन्या अमेरिकन धाटणीच्या रायफलींची आहेत. (भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.)

आधी नळी मोजा, कागद नंतर. या जातीच्या नळीचा व्यास आट्यांच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) मधल्या उंचवट्यांवर साधारण ११.४३ मिमी आणि खाचांमध्ये ११.६३ मिमी असतो. कागदाचे दोन वेढे म्हणजे व्यासात कागदाच्या जाडीच्या चौपट भर. ०.०५ मिमीचा कागद ०.२० मिमी वाढवतो, म्हणून ११.२३ मिमीची गोळी गुंडाळल्यावर बरोबर उंचवट्यांच्या मापाला येते. ती बोटाने नळीत सरकते आणि दारू पेटल्यावर मागून दाब बसला की फुगून खाचा भरते. यासाठी शिसं मऊच हवं : १६ ते २० भाग शिशाला १ भाग कथील. कठीण मिश्रधातू फुगत नाही आणि बाजूने निसटलेला वायू कागद जाळतो.

कागद शंभर टक्के सुती हवा. ‘ओनियनस्किन’ नावाने मिळणारा पातळ टंकलेखनाचा कागद उत्तम. सुती तंतू लांब असतात. ओला कागद ताणला तरी तुटत नाही आणि वाळताना आकसून गोळीला घट्ट बसतो. छपाईचा नेहमीचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे व्यासात ०.४ मिमीची भर. शिवाय त्यात खनिज भुकटी भरलेली असते. मेण किंवा सिलिकॉन लावलेला बटर पेपर तर नकोच. तो पाणी पीत नाही, म्हणून आकसत नाही आणि वेष्टन सैल राहतं.

पाकिटावर छापलेल्या जाडीवर विसंबू नका. दहा थर एकत्र दाबून मायक्रोमीटरने मोजा आणि दहाने भागा. मग एक पट्टी भिजवून दोन्ही दिशांनी ओढून पाहा. कागद तंतूंच्या आडव्या दिशेत जास्त ताणतो. वेढा कोणत्या दिशेने द्यावा याबद्दल जाणकारांत दोन तट आहेत. कोणतीही धरा, पण शंभरच्या शंभर पट्ट्या त्याच दिशेने कापा. दिशा मिसळली की लांबी जुळत नाही आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात दुपार जाते.

वरच्या गोळीला दोन वेढ्यांसाठी सुमारे ७१ मिमी लांबी लागते. ओला कागद वाढतो, म्हणून पहिली पट्टी ७० मिमीची कापून पाहा. दोन्ही टोकं ३० ते ४५ अंशांत तिरकी कापली की जोड गोळीभोवती तिरपा फिरतो. टोकं भिडावीत, एकमेकांवर चढू नयेत : चढली तर तिथे तिसरा थर होतो आणि गोळीचा तोल जातो. केसभर फट चालेल. रुंदी एवढी ठेवा की पुढची कड गोळीच्या निमुळत्या भागाच्या सुरुवातीपर्यंत पोचेल आणि मागची बुडाखाली दुमडता येईल. गोळीला साच्याचं तेल राहू देऊ नका. गोंद अजिबात नको. साधं पाणी पुरतं. गुंडाळल्यावर रात्रभर वाळू द्या.

आता वंगण. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक वस्तुमान घनरूपात उरतं. नळीत साचणारं ते किटण मऊ ठेवणं हे वंगणाचं खरं काम. खनिज तेलाची ग्रीस या किटणात मिसळून डांबरासारखी होते, म्हणून प्राणिज किंवा वनस्पतिज स्निग्धांशच घ्या. खात्रीचं मिश्रण : ५० भाग मधमाशांचं मेण, ४० भाग वनस्पती तूप, १० भाग कॅनोला तेल. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा थेट जाळावर न ठेवता गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा. उन्हाळ्यात मेण थोडं वाढवा, थंडीत तेल.

मेण आणि चरबीचा हा प्रश्न आपल्याकडे इतिहासात गेला आहे. कंपनीच्या शिपायांना दिलेल्या एनफिल्ड रायफलीची गोळीही कागदासकट नळीत ठासली जाई. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळ डमडमला वंगणाच्या चरबीवरून कुजबुज सुरू झाली, आणि फेब्रुवारीत बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी कागदाच्या चकाकीवरही संशय घेतला. कागद आणि वंगण, दोन्ही.

वाळलेल्या वेष्टनावर बोटाने पुसटसा हात फिरवा, बस्स. जास्त लावलं तर कागद गोळीला चिकटतो. मुख्य वंगण गोळीमागे ३ मिमीच्या वडीच्या रूपात ठेवतात. वडीच्या पुढे आणि मागे पुठ्ठ्याची चकती हवीच. पुढची नसेल तर वडी गोळीच्या बुडाला चिकटून जाते. मागची नसेल तर वंगण दारूत झिरपतं, विशेषतः उन्हात तापलेल्या गाडीत.

नेम साधण्याआधी रायफलीसमोरची जमीन पाहा, अर्थात गोळीबार थांबल्यावर. बारीक, स्वच्छ कपटे म्हणजे सगळं ठीक. काळ्या कडांचे कपटे म्हणजे वायू निसटतोय : चकती जाड करा किंवा शिसं मऊ घ्या. लांब पट्ट्या किंवा अख्खं वेष्टन सापडलं तर कागद जाड किंवा चिवट आहे, नाहीतर वंगण जास्त झालंय. दर गोळीनंतर एक ओली आणि एक कोरडी चिंधी नळीतून फिरवा; किटणावर घासून दुसऱ्याच गोळीचा कागद फाटू शकतो. काडतुसाच्या तोंडापाशी, कोठीच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) टोकाला, कधीकधी कागदाचं कडं अडकून राहतं. पुढचं काडतूस घालण्याआधी ते काढा.