कोकणातल्या होमस्टेची साधी वेबसाईट, वर्षाला हजार रुपयांच्या आत

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यात ज्यांनी घराच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात त्यांचा सीझनमधला अर्धा दिवस फोनवरच जातो आणि प्रश्न ठरलेले असतात, बीच किती लांब, एसी आहे का, वेस्टर्न टॉयलेट आहे ना, नॉनव्हेज मिळेल का, गाडी दारापर्यंत येते का. वेबसाईट करायची ती हे फोन कमी व्हावेत म्हणून. बुकिंग इंजिन, सरकणारे फोटो, चॅटबॉट यातलं काहीही लागत नाही आणि कोणी पंचवीस-तीस हजारांचं कोटेशन देत असेल तर सरळ नाही म्हणा, एवढ्या घराला त्याची गरजच नाही.

म्हणून कॉम्प्युटर उघडण्याआधी एक वही घ्या आणि आठवडाभर फोनवर जे जे विचारलं जातं ते तसंच्या तसं लिहून काढा. फोन घेणारी बहुतेक घरातली बाई असते, तिला बसवून विचारा, तिला सगळं तोंडपाठ असतं. ही यादी म्हणजेच तुमच्या साईटचा मजकूर. ‘निसर्गरम्य परिसरात घरगुती वातावरण’ हे वाक्य प्रत्येकाच्या साईटवर असतं, ते वाचून कोणी बुकिंग करत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘गाडी वरच्या रस्त्याला लावायची, तिथून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून खाली घर आहे, सोबत आजी-आजोबा असतील तर आधी सांगा, सामान आम्ही उतरवून घेतो.’ ज्याला पायऱ्या जमणार नाहीत तो आधीच दुसरीकडे बघेल, आणि जो येईल तो दारात येऊन तोंड वाकडं करणार नाही. अडचणी लपवायच्या नाहीत हे मी सगळ्यांना सांगतो. लाईट जाते, पावसात रेंज गायब होते, माकडं येतात, सगळं लिहा.

आता साईट कशावर करायची. माझं मत गूगल साईट्स, म्हणजे गूगलचं वेबसाईट बनवायचं टूल. फुकट आहे, होस्टिंगचे, म्हणजे साईट इंटरनेटवर ठेवण्याच्या जागेचे पैसे नाहीत, व्हायरस-अपडेटची कटकट नाही, आणि ज्याला वर्डमध्ये अर्ज टाईप करता येतो त्याला हे जमतं. वर्डप्रेस हे साईट बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर चांगलंच आहे पण त्याची निगा राखावी लागते आणि गावातल्या घरात ती कोण राखणार? घरासाठी वेगळं जीमेल अकाउंट काढा, त्यावरून साईट बनवा आणि पुण्या-मुंबईतल्या मुलाला किंवा भाचीला एडिटर म्हणून जोडून ठेवा. त्या अकाउंटला अधूनमधून लॉगिन मात्र करत राहा, दोन वर्षं कोणी फिरकलंच नाही तर गूगल ते डिलीट करू शकतं.

खर्च एकच, डोमेन, म्हणजे साईटचं स्वतःचं नाव. डॉट इन नाव वर्षाला साधारण पाचशे ते हजारात मिळतं. पहिल्या वर्षी स्वस्त देऊन पुढच्या वर्षी दुप्पट लावतात, तेव्हा घेताना रिन्यूअलचा रेट बघा. आणि डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या, साईट करून देणाऱ्याच्या नावावर अजिबात नको. नाव छोटं ठेवा, फोनवर सांगितलं की समोरच्याला स्पेलिंग न विचारता टाईप करता आलं पाहिजे. मग गूगल साईट्सच्या सेटिंग्जमध्ये कस्टम डोमेनमध्ये ते नाव टाकायचं, मालकी सिद्ध करायची, आणि डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये (ते नाव कुठे उघडायचं हे ठरवणाऱ्या सेटिंग्जमध्ये) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी एक सीनेम रेकॉर्ड, म्हणजे ते नाव गूगलकडे वळवणारी नोंद घालायची, त्यात ‘जीएचएस डॉट गूगलहोस्टेड डॉट कॉम’ असं लिहायचं. लगेच चालू झालं नाही तर घाबरू नका, कधीकधी दिवस-दोन दिवस जातात.

फोटो फोनवरच काढा पण फोन आडवा धरून, सकाळी आठ-नऊच्या उजेडात, खिडक्या उघडून. पडवी, अंगण, वाडी हे सगळेच काढतात. पाहुण्याला, त्यातही बायकांना, बघायचं असतं बाथरूम. स्वच्छ घासून, बादली-मग जागेवर ठेवून, गीझर आणि कमोड दोन्ही दिसतील असा एक फोटो टाकाच. बेडचा फोटो दारातून काढा म्हणजे खोली केवढी आहे ते कळतं. मूळ फोटो चार-पाच एमबीचे असतात, ते स्क्वूश नावाच्या फुकट टूलमधून दोन-तीनशे केबीपर्यंत आणा, कारण बघणारा कुंभार्ली घाटात एका काडीच्या रेंजवर असू शकतो. आणि इंटरनेटवरून उचललेला समुद्राचा फोटो नको, तुमच्या बीचचाच हवा.

येण्याचा रस्ता हे वेगळं पान करा, कारण खरी वादावादी इथे होते. नुसता मॅप चिकटवून भागत नाही, पिन कधी शेजारच्या वाडीत पडते आणि रात्री अकराला लोक भलत्याच अंगणात गाडी घालतात. पिन स्वतः घरासमोर उभं राहून टाका आणि खाली शब्दांत लिहा: पुण्याहून कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, ट्रेनने चिपळूण स्टेशन, तिथून गुहागर साधारण ४५ किलोमीटर, दापोलीकडून येणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोट, पण ती रात्री उशिरा नसते. मग शेवटचा एक किलोमीटर खुणांसकट, देऊळ, शाळा, पिंपळ, जे असेल ते. तेवढ्या भागाचा मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ टाकलात तर फारच उत्तम.

रेट लिहा. ‘रेटसाठी फोन करा’ वाचलं की निम्मे लोक पुढच्या घराकडे वळतात असं मला ठाम वाटतं. दिवाळी, नाताळ आणि मेचा रेट वेगळा, बाकीचा वेगळा, लहान मुलांचं काय, ड्रायव्हरच्या झोपण्याचं काय, जेवणाचं ताट किती आणि त्यात काय, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं, बुकिंग रद्द केलं तर किती परत.

तारखांसाठी गूगल कॅलेंडर पुरतं. त्यात भरलेले दिवस टाका, शेअरिंग पब्लिक करा पण फक्त ‘बिझी’ दिसेल असं, पाहुण्यांची नावं नकोत, आणि ते कॅलेंडर साईटच्या पानातच दिसेल असं जोडा (एम्बेड करा). एअरबीएनबीवरही घर लावलं असेल तर तिथली कॅलेंडरची लिंक यात जोडता येते, फक्त ते काही तास मागे चालतं, म्हणून लाँग वीकेंडला फोनवर खात्री केल्याशिवाय हो म्हणू नका.

बुकिंगचं बटण म्हणजे व्हॉट्सअॅपची लिंक. ‘डब्ल्यूए डॉट एमई’, पुढे स्लॅश, मग ९१ आणि तुमचा नंबर, प्लस चिन्ह किंवा शून्य न लावता. अॅडव्हान्स यूपीआयने घ्या आणि ‘पैसे भरताना अमुक नाव दिसेल, दुसरं दिसलं तर भरू नका’ असं साईटवर ठळक लिहा. खोट्या बुकिंगच्या फसवणुकी इतक्या झाल्यात की अनोळखी माणसाला पाच हजार पाठवताना कोणाचाही हात थबकतो, हे एक वाक्य त्याला धीर देतं.

साईट झाली की गूगल बिझनेस प्रोफाईल, म्हणजे गूगल सर्च आणि मॅपवर दिसणारी तुमच्या होमस्टेची नोंद, काढून त्यात लिंक टाका. नुसतं भाड्याने द्यायचं बंद घर गूगलच्या नियमात बसत नाही, तुम्ही तिथे राहून पाहुण्यांचं बघता असा होमस्टे बसतो. पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदणी असेल तर तेही लिहा. परदेशी पाहुणे घेणार असाल तर २४ तासांत त्यांची माहिती सरकारकडे ऑनलाईन भरावी लागते, म्हणून त्यांनी पासपोर्ट-व्हिसाची कॉपी आणावी अशी एक ओळ टाका. आणि पावसाळ्यात समुद्रात उतरू नये ही सूचना पहिल्या पानावरच हवी, खाली कोपऱ्यात नको.

पब्लिश करण्याआधी, तुमच्याकडे कधीच न आलेल्या एखाद्या माणसाच्या हातात फोन द्या, वायफाय बंद करून, आणि म्हणा, दिवाळीचा रेट शोध, रस्ता शोध, मला व्हॉट्सअॅप कर. मध्ये बोलू नका. तो जिथे अडकेल तेवढं दुरुस्त करा आणि मग लिंक सगळ्या जुन्या पाहुण्यांना पाठवा.