सोनेरी मोरपंखी: ऊन भरपूर, कात्री बेतानं

मोरपंखीचं बुटकं सोनेरी वाण माझ्या पुण्याच्या गच्चीत नऊ वर्षं आहे. अजून जेमतेम कमरेएवढं.

सुरुवातीला ते जिन्याच्या सावलीत ठेवलं होतं, तर चक्क हिरवं पडलं. सोनेरी रंग हवा तर रोज पाच-सहा तास ऊन पाहिजेच. थंडीत शेंडे तांबूस होतात. घाबरू नका, पुढची पालवी पिवळीधमक येते.

माती, शेणखत आणि जाड वाळू सारख्याच भागात. दोन पेरं बोट खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. कुंडीखाली ताटली नको, पावसाळ्यात तर मुळीच नको, मुळं कुजतात.

छाटणी फक्त कोवळ्या शेंड्यांची. मी एकदा गोल आकार द्यायच्या हौसेनं आतल्या तपकिरी फांदीपर्यंत कात्री चालवली. तिथे पुन्हा पान फुटत नाही. ते टक्कल आजही भिंतीकडे वळवून ठेवलंय!

एप्रिल-मेमध्ये झाड धुरकट दिसलं तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालू लागले की समजा लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. मग तीन-चार दिवस सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, आतल्या बाजूनंही.