घरच्या घरी काँक्रीटची फरशी: पुन्हा पुन्हा वापरता येणारा साचा

साचा कापायला घेण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: घट्ट झालेली फरशी त्यातून बाहेर कशी निघणार? चौकट खिळे ठोकून पक्की केली तर पहिलीच फरशी पटाशीने उचकटावी लागते आणि कोपरा जातो, फरशीचा नाहीतर साच्याचा. स्क्रू लावले तरी प्लायच्या कडेत ते आठ-दहा वेळा फिरवल्यावर ढिले पडतात. खालच्या साच्यात म्हणून बाजूच्या पट्ट्यांना एकही स्क्रू नाही. पाचरांची एक जोडी मोकळी केली की चारही बाजू सुटतात. मापं ३०० × ३०० × ५० मिमीच्या फरशीची आहेत. ही जाडी पायवाटेला पुरते, गाडी जाणार असेल तर पुरत नाही.

लाकडी साचा

शटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या तात्पुरत्या फळ्यांना वापरतात तो फिल्म फेस्ड (वर गुळगुळीत थर असलेला) प्लाय घ्या, १८ मिमी जाडीचा. त्यातून कापायचं ते असं: तळ ४५० × ४५० मिमी, दोन पट्ट्या ३३६ मिमी लांब, दोन ३०० मिमी लांब, आणि चार अडण्या (पट्ट्या बाहेर सरकू न देणारे ठोकळे) ३० मिमी रुंद. पट्ट्यांची उंची ५० मिमी. ३३६ चा हिशोब सरळ आहे: आतलं माप ३०० आणि दोन्ही बाजूंची जाडी १८ + १८.

लांब पट्ट्या समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्ये आखूड पट्ट्या बसवा. तिन्ही बाजूंना बाहेरून अडणी अगदी चिकटवून तळाला कायमची स्क्रूने बसवा. चौथी अडणी एका लांब पट्टीच्या मागे, पण २० मिमी अंतर सोडून. त्या फटीत लाकडाच्या दोन पाचरी विरुद्ध दिशांनी ठोकल्या की ती लांब पट्टी आखूड पट्ट्यांच्या टोकांवर दाबली जाते आणि चौकट आवळते. आखूड पट्ट्या काँक्रीटच्या दाबाने बाहेरच्या अडणीवरच टेकतात, त्यांना वेगळा आधार लागत नाही.

अडण्या बसवताना गुण्यावर विसंबू नका, कर्ण मोजा. दोन्ही कर्ण ४२४ मिमी यायला हवेत आणि त्यांत एक मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक राहिला तर फरशी शंकरपाळ्यासारखी तिरकी होते, आणि ते अंथरताना दहाव्या-बाराव्या फरशीपाशी सांधे फाकल्यावरच लक्षात येतं.

कापलेल्या प्रत्येक कडेला पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात द्या. प्लायच्या वरच्या फिल्ममधून पाणी शिरत नाही, पण उघड्या कडेतून शिरतं. कडा फुगतात, थर सुटतात आणि मग आतलं मापच बदलतं. साचा लवकर बाद होतो तो बहुतेक वेळा इथेच.

या साच्यात फरशी पालथी ओतली जाते, म्हणजे साच्याचा तळ ही फरशीची वरची बाजू. तिच्या धारदार कडा लगेच टवके सोडतात, त्यामुळे त्या गोल हव्यात. त्यासाठी पट्ट्यांच्या आतल्या अंगाला मेण चोळा, चौकट आवळा, तळ आणि पट्ट्या जिथे मिळतात त्या चारही सांध्यांत सिलिकॉन सीलंटची रेघ ओढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ती गोल फिरवा. एक दिवस वाळू द्या. मेणामुळे सीलंट पट्टीला न चिकटता फक्त तळाला चिकटतं, आणि साचा उघडताना दरवेळी कापावं लागत नाही.

दगडी पोत हवा असेल तर

अख्खा साचा रबराचा करायचा मोह टाळलेला बरा. नमुन्याभोवती, म्हणजे ज्या दगडाचा पोत उतरवायचा त्याभोवती, २० मिमी आणि वर १५ मिमी रबर धरलं तरी एका फरशीला तीन लिटर रबर लागतं, आणि इतकं करूनही भिंती फुगू नयेत म्हणून बाहेरून लाकडी चौकट लागतेच. त्यापेक्षा फक्त तळाला रबरी चटई घाला: ३०० × ३०० मिमी, सरासरी १२ मिमी जाड. तिला साधारण सव्वा किलो रबर पुरतं. पट्ट्या मात्र ५० ऐवजी ६२ मिमी उंच कापा. चटईच्या साच्यात तळाला सीलंटची रेघ नको.

काँक्रीटसाठी दोन भागांचं पॉलियुरेथेन रबर चांगलं, खडीच्या घासण्याला ते सिलिकॉनपेक्षा जास्त टिकतं. पण ते सच्छिद्र पृष्ठभागाला घट्ट चिकटतं आणि ओल लागली की फेसाळतं. म्हणून नमुन्याचा दगड पूर्ण कोरडा करून त्यावर मेणाचे दोन-तीन थर द्या, नंतर रबर बनवणाऱ्याने सांगितलेलं रिलीज एजंट (रबर चिकटू न देणारा लेप). सिलिकॉनच वापरायचं असेल आणि ते प्लॅटिनम प्रकारचं असेल, तर गंधक असलेली मॉडेलिंग माती आणि लेटेक्सचे हातमोजे दूर ठेवा. त्यांचा स्पर्श झाला तिथे ते चिकटच राहतं.

दगडाच्या पापुद्र्यांखाली पोकळी असेल तर ती मेणाने बुजवा. रबर त्या खाचेत शिरतं, दर ओतणीला थोडं थोडं फाटतं आणि फरशीचा तो पापुद्राही तुटतो. दोन्ही भाग वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने नाही. भांड्याच्या कडा खरवडत ढवळा, आणि दगडावर एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओता म्हणजे हवा अडकत नाही. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करा.

ओतणं आणि सोडवणं

प्लायवर रिलीज ऑईल (काँक्रीट चिकटू न देणारं तेल) कापडाने पुसल्यासारखं लावा. साचलेला तेलाचा थेंब म्हणजे फरशीच्या तोंडावर एक भोक. इंजिनचं जुनं तेल डाग पाडतं, ते नको.

एका फरशीला, सांडलवंड धरून: सिमेंट २ किलो, वाळू ४ किलो, १० मिमीपेक्षा लहान खडी ५ किलो, पाणी ०.९ लिटर. वाळू ओली असेल तर पाणी कमी करा. पाच टक्के ओलीच्या चार किलो वाळूत २०० मिली पाणी आधीच असतं, ते न वजा केल्यास फरशी ठिसूळ आणि भुकटी सुटणारी होते. रंग टाकायचा असेल तर आयर्न ऑक्साईड, एका फरशीला १०० ग्रॅमपर्यंत, कोरड्या सिमेंटमध्ये आधीच मिसळून.

साचा पाणसळीत ठेवा. माल दोन थरांत भरा आणि प्रत्येक थरानंतर रबरी हातोडीने तळ व बाजू ठोका. बुडबुडे येणं मंदावलं की थांबा. फार ठोकलं तर खडी खाली बसते आणि वर नुसतं पाणी-सिमेंट तरंगतं. कमी ठोकलं तर कडेला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं राहतात.

प्लास्टिकने झाकून २४ तास, थंडीत ४८ तास ठेवा. मग पाचरी काढा, पट्ट्या बाहेरच्या बाजूला ओढा आणि फरशी दोन्ही हातांनी सपाट उचला. चटई असेल तर फरशी उलटून चटई एका कोपऱ्यापासून सोलून काढा. फरशी ओल्या गोणपाटाखाली किमान सात दिवस राहू द्या.

साचा लगेच धुवा. सिमेंटचा थर वाळल्यावर लोखंडी खरवडणीने काढला तर प्लायची फिल्मही निघते, आणि पुढची फरशी त्याच जागी चिकटते. चटई उन्हात किंवा दुमडून ठेवू नका, सपाट ठेवा. एकदा वाकडा आकार घेतलेली चटई तळाशी पुन्हा नीट बसत नाही. साचे एकाहून जास्त असतील तर प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तो फरशीच्या मागे ओल्या काँक्रीटवर खिळ्याने कोरा, म्हणजे माप चुकणारा साचा कोणता ते शोधत बसावं लागत नाही.