बोटीवर पाण्याचा कॅन काठोकाठ भरू नका
भावांनो, 2019 च्या महापुरात आपण बघितलंय, दारात पंचगंगा आणि घरात प्यायला घोटभर पाणी नाही, समुद्रात पण तसंच असतंय. म्हणून ज्यांची पोरं बोटीवर आहेत त्यांना हे सांगाच, सगळं पाणी एकाच टाकीत ठेवू नका, 5-10 लिटरचे वेगवेगळे कॅन करा आणि वर चार बोटं हवा सोडून झाकण घट्ट लावा, म्हणजे बोट उलटली तरी कॅन तरंगतोय, दोरीनं एकमेकांना बांधून ठेवा. खारं पाणी अजिबात नको, लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतंय, ते बाहेर टाकायला किडनी अंगातलंच पाणी ओढते. पाऊस आला तर ताडपत्रीत धरा, पण पहिलं पाणी सोडून द्या, त्यात ताडपत्रीवरचं मीठ उतरतंय.